सीताफळ पावतं, संत्रं अडतं

वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तरीही इथल्या फळांचं आइस्क्रीम म्हटलं की यादी सीताफळापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते. वरूड-मोर्शीत संत्र्यांचे ढीग लागतात, अंजनगाव सुर्जीला केळीच्या बागा आणि पानमळे आहेत, मेळघाटात मोहफुलं आणि जांभळं आहेत, चिखलदऱ्याला तर कॉफीसुद्धा पिकते. मग कपात सीताफळच का येतं? याचं उत्तर लोकांच्या आवडीनिवडीत थोडं सापडतं. बाकीचं पाणी, आंबटपणा आणि कडवटपणा या तीन गोष्टींत आहे. ते समजायला आधी मुंबईला एक फेरी मारावी लागेल.

पावभाजीच्या आडून

रघुनंदन कामत हे मंगळूरजवळच्या मुल्कीचे. वडील फळं विकायचे. पिकलेलं फळ कोणतं, दोन दिवसांनी पिकणारं कोणतं, हे मुलगा त्यांच्याजवळच शिकला. मुंबईत भावाच्या खाणावळीत काम केल्यावर त्यांनी 14 फेब्रुवारी 1984 रोजी जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू केलं. नुसत्या आइस्क्रीमसाठी गिऱ्हाईक येईल याची खात्री नव्हती, म्हणून सोबत पावभाजी ठेवली. तिखट पावभाजी खाल्लेला माणूस थंड काहीतरी मागणारच, असा तो सरळ हिशेब होता. थोड्याच काळात पावभाजी बंद करता आली आणि आइस्क्रीम उरलं.

त्या काळी आइस्क्रीम म्हणजे व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, पिस्ता, म्हणजे बाटलीतला अर्क आणि रंग. कामतांनी शहाळ्याची मलई, फणस, चिकू, सीताफळ कपात आणलं. ‘वेगळ्या चवीची कंपनी’ असं नाव यामुळे झालं, पण वेगळी चव सुचणं हा यातला सोपा भाग आहे. ती कोणालाही सुचते. शहाळ्यातली पातळ मलई रोज मोठ्या प्रमाणावर कशी काढायची आणि फणसाचे गरे कसे साफ करायचे, हा खरा धंदा होता. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या गरजेप्रमाणे यंत्रं बनवून घेतली. मे 2024 मध्ये कामत गेले, तेव्हा दुकानांची संख्या दीडशेच्या आसपास पोचली होती.

विदर्भाला आइस्क्रीम नवीन नव्हतं. नागपूरच्या गिट्टीखदानमधलं ‘दिनशॉज’ 1932 पासूनचं, राणा आडनावाच्या पारशी भावांनी दुधाच्या धंद्यातून उभं केलेलं. आपल्यापैकी अनेकांचं पहिलं आइस्क्रीम तेच असेल. पण दिनशॉजची पाळंमुळं दुधात आहेत आणि नॅचरल्सची फळात. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टींत दिसतो.

कपात दूध किती, हवा किती

आइस्क्रीम म्हणजे गोठवलेलं दूध, ही समजूत अर्धीच खरी. त्यात बर्फाचे बारीक कण, स्निग्धांश, न गोठलेला साखरेचा पाक आणि भरपूर हवा असते. घुसळताना हवा शिरते, म्हणून ते चमच्याला मऊ लागतं. हवा फुकट मिळते, त्यामुळे मोह सुटत नाही. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये निदान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो आणि एक लिटर आइस्क्रीमचं वजन 525 ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे जवळजवळ अर्धा डबा हवेचा असला तरी कायदा मोडत नाही. फळाचं चांगलं आइस्क्रीम हातात जड लागतं ते याचमुळे. त्यात हवा कमी आणि गर जास्त असतो.

दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं, तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं. यावरून 2017 मध्ये अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात समोरासमोर आले होते. लग्नाच्या पंगतीत मात्र डबा कोणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट. थंडीत जिभेला गोडी कमी कळते. म्हणून आइस्क्रीममध्ये साखर जरा जास्तच घालावी लागते. वितळलेलं आइस्क्रीम पिऊन पाहा, नको इतकं गोड लागेल. फळाची चव अशीच दबते. खाताना गोड लागणारं चांगलं फळही कपात फिकं पडतं, म्हणून कमी पिकलेलं फळ इथे चालत नाही.

सीताफळ: पीक दिवाळीचं, गिऱ्हाईक उन्हाळ्यातलं

सातपुड्याच्या पायथ्याला आणि शेताच्या धुऱ्यांवर सीताफळ आपसूक वाढतं. पानांना शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत, पाणी फारसं लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाट्याच्या पाट्या बाजारात येतात, आणि एकदा फळ डोळे उघडू लागलं की दोन-तीन दिवसांत ते खावं किंवा टाकावं लागतं.

आइस्क्रीमवाल्याच्या दृष्टीनं मात्र हे फळ गुणी आहे. गर मुळातच दाट, आंबटपणा जवळपास नाही, साखर भरपूर. दुधात घातला तर दूध फाटत नाही, गोठवला तर बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. वर त्याचा रवाळपणा लोकांना दोष वाटत नाही, उलट खऱ्या सीताफळाची खूण वाटते. परतवाड्याची सीताफळ रबडी प्रसिद्ध आहे. जे फळ रबडीला सोसतं ते आइस्क्रीमलाही सोसतं.

अडचणी दोन. गराला हवा लागली की तो काळपट होतो, आणि तापवला की कडवटपणा येतो. आंब्याच्या रसासारखा उकळून डब्यात भरता येत नाही. म्हणून रबडी करणारेसुद्धा रबडी थंड झाल्यावरच गर घालतात. कारखानदाराला गर काढल्याबरोबर उणे 18-20 अंशांवर गोठवून उन्हाळ्यापर्यंत सांभाळावा लागतो. मध्ये वीज गेली, गर अर्धवट सुटला आणि पुन्हा गोठला, की बारीक कण एकत्र येऊन मोठे होतात. भारनियमन पाहिलेल्या गावात शीतगृह चालवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बिया काढण्याचं काम अजूनही पुष्कळ ठिकाणी हातानंच होतं, आणि ते बहुतेक बायकाच करतात. कपाची किंमत तिथून वाढत जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यात नवनाथ कसपटे यांनी निवडलेला ‘एनएमके-1’ हा वाण कमी बियांमुळे आणि टिकाऊपणामुळे पसरला, त्यामागे हेच गणित आहे.

संत्र्याचं दुखणं

आता संत्रं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यातला मोठा हिस्सा पिकतो अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीत. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या सुमारास येतं आणि मृगाचं फेब्रुवारीपासून पुढे, म्हणजे आइस्क्रीमचा हंगाम उघडतो तेव्हा. सीताफळ सहा महिने गोठवून ठेवावं लागतं, संत्रं वेळेवर दारात उभं असतं. तरी अडतं.

पहिलं कारण पाणी. रसात सुमारे 87 टक्के पाणी, ते गोठलं की दाताखाली बर्फ लागतो. दुसरं कारण आंबटपणा, त्यानं दुधातली प्रथिनं गोळा होतात. तिसरं सगळ्यांत खोडकर. ताजा रस गोड लागतो, पण ठेवला की काही तासांत कडवट होतो. बिया आणि पांढऱ्या सालीतला एक घटक रसात उतरून हळूहळू कडू द्रव्य तयार करतो. नागपुरी संत्र्यात बिया असतात, त्यामुळे गिरणीसारखं यंत्र लावून सरसकट रस काढला की हा त्रास वाढतो.

मग मार्ग काय? संत्र्याचा वास रसापेक्षा नारिंगी सालीच्या तेलात असतो, आणि ते तेल दुधाच्या स्निग्धांशात छान मुरतं. साल बारीक किसून गार मिश्रणात रात्रभर ठेवायची, पांढरा भाग अजिबात येऊ द्यायचा नाही, आणि बिया काढलेल्या फोडी साखरेत पाकवून शेवटी मिसळायच्या. किंवा दुधाचा नादच सोडून रसाचं सॉर्बे करायचं. माझं मत विचाराल तर वरूडच्या संत्र्यानं सॉर्बेच व्हावं. उगाच दुधाशी सोयरीक जुळवण्यात अर्थ नाही.

तिखट आणि थंड

मुंबईत चौपाटीजवळच्या ‘बॅचलर्स’मध्ये हिरव्या मिरचीचं आइस्क्रीम मिळतं, आणि तिखट-मीठ भुरभुरलेलं पेरूचं आइस्क्रीम आता कितीतरी ठिकाणी दिसतं. ही नुसती गंमत नाही. मिरचीचा तिखटपणा स्निग्धांशात विरघळतो आणि दुधातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात; शिवाय तिखटाची जाणीव देणारे चेतातंतू थंडीत मंदावतात. म्हणून पहिला घास गोड लागतो आणि ठसका मागून येतो.

अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या पट्ट्यात पानपिंपरी होते, सगळी औषधवाल्यांकडे जाते. मिऱ्याच्या घराण्यातलीच ती, पण तिच्या तिखटाला मागे गोडसर वास असतो. विड्याच्या पानांचे मळेही शेजारीच. पानाचं आइस्क्रीम गल्लोगल्ली झालं. पानपिंपरी घातलेल्या गुळाच्या आइस्क्रीमचा विचार कोणी करायला हरकत नाही. गुळानं मिश्रण जास्त मऊ राहतं, तेव्हा प्रमाण जपून.

घरच्या पॉटमध्ये करायचं तर

लाकडी बादलीचा पॉट अजून माळ्यावर असेल तर यंत्राची गरज नाही. बर्फात मीठ घातलं की बर्फ शून्याखाली जाऊन वितळतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, आणि आतलं मिश्रण गोठतं. मीठ-बर्फाचं तापमान नेमक्या प्रमाणात उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी उणे 10-12 झालं तरी पुरतं. बर्फ फोडून घ्या, चार-पाच भाग बर्फाला एक भाग खडे मीठ, थरावर थर. आटवलेलं दूध आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. गरम दूध पॉटमध्ये ओतलं तर सगळा बर्फ ते गार करण्यातच जातो. हँडल जड लागेपर्यंत न थांबता फिरवा आणि सीताफळाचा गर शेवटच्या पाच मिनिटांत घाला. झाकण उघडण्याआधी वरचं मीठ पुसायला विसरू नका. बादलीतलं खारं पाणी मोरीतच सोडा, झाडाच्या आळ्यात नको. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही.