पावसाळ्यात प्रेसचं तेल ‘दुधाळ’ का होतं? आणि त्यात कामगाराच्या बोटांचा काय संबंध?

घोटीहून नाशिककडे निघालात की महामार्गालगत गोंदे-वाडीवऱ्हे भागातले कारखाने दिसू लागतात. पुढे अंबड, सातपूर आणि बाजूला सिन्नर. गाड्यांचे सुटे भाग असोत की विजेच्या पॅनेलची पेटी, यातल्या बऱ्याच वस्तूंची सुरुवात एका सपाट पत्र्यापासून होते. तो पत्रा वाकवायला, दाबायला किंवा खोलगट करायला हायड्रॉलिक प्रेस लागतो.

हे मशीन दिसायला दणकट असलं, तरी त्याला जेरीस आणायला डोळ्याला न दिसणारा एक कण पुरतो. कसा? समजून घेऊया.

तेलात एवढी ताकद येते कुठून?

बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलोय. याच नियमावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली घेतलं.

आकडेमोड सोपी आहे. २०० बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलो. सिलिंडरचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एकूण जोर ६० टनांच्या वर! हा सगळा भार वाहून नेतं ते तेल. तेच पंपाला वंगण देतं, उष्णता बाहेर काढतं आणि गंजापासून संरक्षणही करतं.

मग कण आडवा कुठे येतो?

पंप आणि व्हॉल्व्हच्या आतल्या भागांमधल्या फटी अगदी बारीक असतात. सर्व्हो व्हॉल्व्हमध्ये ही फट १ ते ५ मायक्रॉनच्या घरात असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण सहसा दिसत नाही. म्हणजे सगळ्यात त्रासदायक कण आपल्याला दिसतच नाहीत. बाटलीतलं तेल स्वच्छ दिसतंय म्हणून ते स्वच्छ आहे, असं धरून चालता येत नाही.

असा कण फटीत शिरला की धातू घासतो. घासलेल्या धातूचे नवे कण तेलात मिसळतात आणि ते आणखी घासतात. हायड्रॉलिकच्या ७० ते ८० टक्के बिघाडांचं मूळ तेलातल्या घाणीत असतं, असा अंदाज या क्षेत्रात सर्रास सांगितला जातो.

इगतपुरी तालुक्यातला पाऊस इथे कुठून आला?

सिलिंडर बाहेर येतो तेव्हा टाकीतल्या तेलाची पातळी खाली जाते आणि ती जागा भरायला बाहेरची हवा आत येते. थोडक्यात, टाकी श्वास घेते. ज्या झाकणातून ही हवा येते, त्याला म्हणतातच ‘ब्रीदर’.

इगतपुरी तालुक्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा दमट हवेतली वाफ टाकीत शिरते. रात्री मशीन बंद झाल्यावर टाकी थंड होते आणि आतल्या पत्र्यावर पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी तेलात घुसळलं गेलं की तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं. पण असं दिसण्याच्या आधीच तेलात विरघळलेलं पाणी आपलं काम सुरू करतं: गंज धरतो, वंगण कमी होतं आणि तेलातली रसायनं खराब होतात.

नवीन तेल तर स्वच्छ असतं ना?

इथेच बहुतेकांची फसगत होते. तेलाची स्वच्छता मोजायला आयएसओ ४४०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात १८/१६/१३ असे तीन आकडे असतात. एक मिलिलिटर तेलात अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, हे ते सांगतात. पहिला आकडा १८ असेल तर कण १,३०० ते २,५००. आकडा एकाने वाढला की कण साधारण दुप्पट होतात.

प्रपोर्शनल व्हॉल्व्ह असलेल्या मशीनला साधारण १८/१६/१३ इतकं स्वच्छ तेल लागतं. कारखान्यात आलेलं नवं बॅरल अनेकदा या कसोटीवर उतरत नाही. त्यात भर म्हणून उघड्या बादलीतून, धुळकट नरसाळ्याने तेल ओतलं, तर आपणच घाण आत सोडतो.

नेमकं काय करायचं?

- नवं तेल फिल्टर लावलेल्या ट्रॉली पंपानेच टाकीत भरा.
- साध्या ब्रीदरऐवजी ओलावा शोषणारा सिलिका जेलचा ब्रीदर लावा. जेलचा रंग बदलला की तो बदला.
- बॅरल शेडखाली आडवं ठेवा. उघड्यावर उभ्या बॅरलच्या झाकणावर पाणी साचतं आणि बुचातून आत झिरपतं.
- टाकी पुसायला सुताचा बोळा वापरू नका, त्याचे धागे आत राहतात. धागे न सुटणारं कापड घ्या.
- पाइप उघडला की दोन्ही तोंडांना लगेच टोपी लावा.
- तेल ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त उष्णतेत ते लवकर खराब होतं.
- ठरावीक काळाने नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. नमुना मशीन चालू असताना आणि स्वच्छ बाटलीतच घ्यावा.

हा फक्त खर्चाचा प्रश्न नाही

प्रेसचा वरचा जड भाग, म्हणजे रॅम, वर धरून ठेवायचं काम व्हॉल्व्ह करतात. व्हॉल्व्हच्या बैठकीत कण अडकला तर तो पूर्ण बंद होत नाही आणि रॅम हळूहळू खाली सरकू शकतो. त्या वेळी खाली कुणाचा हात असेल तर? म्हणून दुरुस्तीच्या वेळी वीज बंद करून रॅमखाली भक्कम टेकू लावायलाच हवा. रॅम स्वतःहून खाली येतोय असं ऑपरेटर सांगत असेल, तर ‘शिफ्ट संपल्यावर बघू’ हे उत्तर चालणार नाही.

गळतीही कधी हाताने शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडीत घुसू शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं.

आणि जुनं तेल?

ते नाल्यात ओतायचं नसतं. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. दारणा याच तालुक्यातून वाहते आणि इथल्याच वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळांना जातं, हे लक्षात ठेवलं तरी नियम का आहे ते कळतं.

तेल स्वच्छ ठेवलं तर ते जास्त काळ टिकतं आणि टाकून द्यावं लागणारं तेलही कमी होतं. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कारखान्यात प्रेस असेल, तर उद्या एवढंच विचारा: आपल्या टाकीचा ब्रीदर शेवटचा कधी बदलला होता?