वस्तादांची दुसरी विद्या

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या तालमीचा हौदा बुजवून त्यावर फरशी बसविण्यात आली आणि त्या जागी आरशांच्या भिंतींची जिम सुरू झाली. ठराव रीतसर मंजूर झालेला, दप्तर चोख, उद्घाटनास मान्यवर हजर. तक्रारीस कायदेशीर जागा अशी कोठेच उरली नाही, म्हणूनच ती येथे करणे भाग आहे.

कर्जत-खालापूरच्या या पट्ट्याने शक्तीच्या उपासनेची थोर पर्वे पाहिली आहेत. १६६१ साली उंबरखिंडीत महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. १९४३ च्या जानेवारीत माथेरानचे भाई कोतवाल सिद्धगडाच्या रानात धारातीर्थी पडले. त्या पर्वांवर भाषणे पुष्कळ होतात, ती मी वक्त्यांच्या स्वाधीन करतो. मला सांगायचे आहे ते १९७० नंतरच्या दशकाविषयी, जेव्हा आमचा जिल्हा अद्याप कुलाबा म्हणवत होता आणि खोपोलीच्या कारखान्यांतून पहिली पाळी सुटली की तरुण कामगार तडक तालमीची वाट धरीत.

तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीत आम्ही जोर-बैठका काढल्या, धोबीपछाड शिकलो, आणि पडलोही पुष्कळ. परंतु त्या तालमीचे खरे वैभव हौद्याबाहेरच्या ओट्यावर होते. कोणाचा खांदा निखळला की वस्ताद त्यास ओट्यावर बसवीत, कोपर बरगडीशी टेकवून मनगट हलकेच बाहेर वळवू लागत आणि विचारीत, ‘‘काल कोणाला चीत केलंस रे? नीट सांग.’’ पोरगा फुशारकीने सांगू लागावा, आणि वाक्य पुरे होण्याच्या आत ‘कट्’ असा आवाज होऊन सांधा जागेवर बसावा. मग आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप, आणि हाड मोडले असल्यास बांबूच्या कामट्यांचा आधार. काही हाडे वाकडी जुळत, हेही खरे. क्ष-किरणाचे काम बोटांनी होत नाही. तरी ज्या हाताने पेच शिकवायचा त्यानेच मुरगळा काढायचा, यात कोणास नवल वाटत नसे.

१९७३ साली ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ निघाला, आणि पाठोपाठ आमच्याकडेही पांढऱ्या झग्यांचे कराटे वर्ग उघडले. त्यांच्या पट्ट्यांचे रंग परीक्षेच्या शुल्काबरोबर बदलत. मातीस अडाणी ठरवणाऱ्या तेथील एका शिक्षकांनी कौले फोडण्याच्या प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्याचे बोट निखळविले, आणि त्यास संध्याकाळी अंधार पडल्यावर गुपचूप वस्तादांकडे धाडले. वस्तादांनी बोट बसविले व पैसे घेतले नाहीत. मी मात्र हा हिशेब अजून मिटवलेला नाही.

या शिक्षकांनी ज्या जपानचे नाव घेऊन दुकान मांडले, त्याच देशात वस्तादांची ही विद्या सन्मानाने शिकवली जात होती, हे मला फार उशिरा, वाचनातून कळले. ओकायामाचे नाकानो मिचिओमी, म्हणजेच पुढचे सो दोशिन, तारुण्यात चीनमध्ये राहिले. १९४५ च्या ऑगस्टात रशियन फौजा मांचुरियात शिरल्या तेव्हा कायदा आणि धर्म दोन्ही कोलमडताना त्यांनी पाहिले, आणि सर्व काही अखेर माणसाच्या गुणावर अवलंबून असते, या निष्कर्षास ते आले. परत येऊन शिकोकू बेटावरील तादोत्सू या बंदराच्या गावी त्यांनी रिकामटेकड्या तरुणांस नीती सांगून पाहिली. व्याख्यानास कोण येतो? तेव्हा १९४७ साली त्यांनी शोरिंजी केंपो ही युद्धकला मांडली. आघाताचा ‘गोहो’, पकड सोडविण्याचा ‘जुहो’, आणि तिसरा ‘सेइहो’, म्हणजे मर्मस्थाने दाबून, सांधे सरळ करून देहास पुन्हा ठीक करण्याचा विभाग. सराव जोडीने करायचा, कारण समोरचा दुखावला तर आपलीच तालीम थांबते. चीनमधल्या शाओलिन मठाच्या भिंतीवर सावळे आणि गोरे भिक्षू जोडीने झुंजतानाचे चित्र त्यांनी पाहिले होते, आणि त्यातले सावळे भिक्षू त्यांनी भारतीय मानले. इतिहासकार याविषयी साशंक आहेत, आणि जाणकारांस या कलेत जुन्या जुजुत्सूचा अंश अधिक दिसतो. परंतु आपल्या कलेचा उगम भारतात शोधणारा आणि ‘धम्मपदा’तील गाथेवरून साधकांचे नित्यपठण रचणारा हा गृहस्थ १९८० साली निवर्तला, तेव्हा आम्ही येथे कौले फोडीत होतो.

आमच्याकडे ज्ञान नोंदलेच नव्हते असे नाही. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला, तो मोठ्या वाचनालयांत अजून सापडतो. पण दोशिनांनी उपचारास अभ्यासक्रमात बसविले. आमची ती विद्या एका माणसाच्या बोटांत राहिली, आणि वस्ताद गेले तेव्हा तिच्यासाठी ना कोणी ठराव मांडला, ना कोणी सनद मागितली. कुस्ती निदान यात्रेत उरली. ओटा मात्र तेव्हाच ओस पडला, आणि तो दोष आरशांच्या भिंती उभारणाऱ्यांचा नव्हे, आम्हा शिष्यांचा.

नव्या जिमच्या दरपत्रकात फिजिओथेरपीही आहे. शुल्क वेगळे आकारले जाते, येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागते, आणि शेजारच्या खोलीत वजने उचलायला शिकवणाऱ्या मुलास रुग्णाच्या अंगास हात लावण्याची सक्त मनाई आहे.