टॉवर, लाइन आणि इंटरनेटचा फोन : चिमूरकडचे काही गैरसमज

सोयाबीनची आवक सुरू झाली की चिमूरच्या अडत्याला दिवसभर फोन खाली ठेवायला फुरसत नसते. ऑक्टोबरात ताडोबा उघडलं की कोलारा गेटकडच्या रिसॉर्टवाल्यांचंही तेच. राइस मिल, कृषी केंद्र, दवाखाना, पतसंस्था, सगळ्यांचं काम आवाजावर चालतं. पण फोनचं तंत्र गेल्या दहा वर्षांत आतून पुरतं बदललं, आणि त्याबद्दल बाजारात जे बोललं जातं त्यात ऐकीव फार. त्या ऐकीवावर लोक पैसे घालतात, म्हणून हे लिहितो आहे.

“इंटरनेटचा फोन मोठ्या शहरातल्या कंपन्यांसाठी असतो.”

तो आपल्या खिशात येऊन बरीच वर्षं झाली. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे टूजी-थ्रीजीचं जाळंच नव्हतं. पहिल्या कॉलपासून तिथला आवाज डेटाची पॅकेट बनूनच जातो. फोनच्या वरच्या पट्टीत व्होएलटीई दिसतं ते हेच. फायबरवर मिळणारी लँडलाइनही याच पद्धतीने बोलते. फरक आहे तो वाटेचा. व्होएलटीईचा कॉल कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून जातो आणि तिथे आवाजाला आधी वाट मिळते. व्हॉट्सॲपचा कॉल मात्र व्हिडिओ, फोटो, डाउनलोड या सगळ्या गर्दीतून जातो. एकाच खोलीत, एकाच फोनवर एक कॉल स्वच्छ आणि दुसरा तुटका येतो, त्याचं मुख्य कारण हे.

“आवाज तुटतो, म्हणजे जास्त स्पीडचा प्लॅन घ्यायला हवा.”

सर्वांत जास्त पैसे या समजापायी वाया जातात. जुन्या डिजिटल टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजाला ६४ केबीपीएस लागतात. पॅकेटवरचे पत्ते वगैरे धरले तर सुमारे ८७. म्हणजे दहा माणसं एकाच वेळी बोलत असली तरी जाता-येता प्रत्येकी एक एमबीपीएसच्या आत भागतं. आवाजाला हवं असतं ते सातत्य. रस्ता कितीही रुंद केला तरी एसटी वेळेवर येईलच असं नाही, तसंच हे. सामान्यतः दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट निघतं आणि तितक्याच अंतराने ते पोचायला हवं. एका तोंडापासून दुसऱ्या कानापर्यंतचा वेळ शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

रिसॉर्टमध्ये संध्याकाळी कॉल तुटू लागले तर आधी अपलोड बघा. पाहुणे सफारीचे व्हिडिओ वर चढवत असतात, सीसीटीव्ही आपलं चित्रण क्लाउडवर पाठवत असतो, आणि त्यांच्यामागे आवाज अडकून पडतो. बऱ्याच राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय असते. शंभरचा प्लॅन तीनशेचा करण्याआधी नेट जोडून देणाऱ्याकडून तेवढं करून घ्यावं.

“लाइन गेली तरी फोन चालतो.”

तांब्याच्या तारेच्या काळात हे खरं होतं. लँडलाइनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांकडून त्याच तारेतून घरी यायची. गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा. फायबर काचेचं, त्यातून उजेड येतो, वीज येत नाही. भिंतीवरची फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही आपल्या विजेवर चालतात, आणि लाइन गेली की फोनही जातो. जूनच्या पहिल्या वादळात झाड पडून तासन् तास वीज नसते तेव्हा दवाखान्याचा नंबर मुका होणं परवडणारं नाही. बरेचसे राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. मोठ्या इन्व्हर्टरवर पंखे लावायचे आणि राउटर साध्या प्लगवर ठेवायचा, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

पण आपल्या दुकानातली बॅटरी म्हणजे निम्मंच काम. नेट देणाऱ्याला थेट विचारावं : वीज गेल्यावर तुमच्या बाजूची यंत्रणा किती तास टिकते? दुसरा जोड ठेवायचा असेल तर तो वेगळ्या वाटेचा हवा. एकाच खांबांवरून येणाऱ्या दोन कंपन्यांच्या केबली एकाच फांदीखाली तुटतात. एक फायबर आणि एक फोरजी सिमवरचा राउटर, ही जोडी त्यापेक्षा भरवशाची.

“टॉवर नाही म्हणजे फोन नाही.”

फायबर पोचलं असेल तर तसं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि पुढच्याच महिन्यात जिओने वायफाय कॉलिंग सुरू केलं. नेहमीचाच नंबर, वेगळं ॲप नको, फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण. जाड भिंतींच्या गोदामात किंवा जंगलालगतच्या खोल्यांत रेंज मिळत नसली तरी वायफायवरून साधा कॉल लागतो.

फायबरच पोचलेलं नाही, तिथे “वनखातं अडवतं” असं म्हणून विषय संपवला जातो. कायद्यात मात्र वाट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या शासकीय सुविधांची यादी आहे. शाळा, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर तिच्यात वीज आणि दूरसंचाराच्या तारांचाही समावेश आहे. एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, तोडावी लागणारी झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नसतील आणि ग्रामसभेने शिफारस केली असेल, तर ती जमीन देता येते. अट अशी की सुविधा शासनाची हवी. खासगी कंपनीच्या केबलला हे कलम लागू नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभेची ताकद साऱ्या देशाला दाखवली. त्याच मुलखात फायबरसाठी ग्रामसभेचा ठराव ही अवघड गोष्ट नाही.

“आता उपग्रहाचं नेट येतंय, तोवर थांबू.”

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. त्या घोषणेत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशी नावं होती. जुने दळणवळण उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात, म्हणून त्यांच्यावरून बोलताना पाव सेकंद मागे पडायला होतं. स्टारलिंकचे नवे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे ती अडचण उरत नाही. पण त्यांच्या थाळीला मोकळं आकाश लागतं. सागाच्या दाट पानांखाली ती चालणार नाही, आणि वीज तिलाही लागते. हातातलं काम तिच्यासाठी थांबवू नये.

“नेटवरून साध्या नंबरावर फोन करणं बेकायदेशीर आहे.”

१ एप्रिल २००२ पासून आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली आणि जून २०१८ मध्ये परवान्याच्या अटी बदलून देशातल्या साध्या नंबरांशी ती जोडायची वाट मोकळी झाली. परवानाधारकाकडून कागदपत्रं देऊन घेतलेली सेवा कायदेशीरच आहे. गुन्हा आहे तो सिम बॉक्सचा : परदेशातून नेटवर आलेला कॉल डझनावारी सिमकार्डांतून स्थानिक कॉल म्हणून सोडणं. “खोलीत एक यंत्र ठेवू द्या, महिना भाडं देतो,” असं कुणी म्हणालं तर आधी पोलीस ठाणं गाठा. आणि याच कारणाने, स्क्रीनवर भारतातला नंबर दिसला म्हणजे माणूस भारतातूनच बोलतोय असं समजू नये. अशा फोनला फसून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० लावावा.

“यंत्राशी बोलणं आपल्या लोकांना जमणार नाही.”

याला गडचिरोलीच्या शेजारच्या छत्तीसगडने २०१० मध्येच उत्तर दिलं. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी तिथे ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, एक आकडा दाबून आपली बातमी सांगायची, दुसरा दाबून इतरांची ऐकायची. गोंडीसह आपापल्या भाषांत लोकांनी बंद हातपंपापासून अडकलेल्या मजुरीपर्यंतच्या तक्रारी नोंदवल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनीही ते वापरलं. चिमूरच्या कृषी केंद्राला आज “बियाणं आलं का?” या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मराठीत आणि गोंडीत नोंदवून ठेवायचं झालं, तर तंत्र तयार आहे.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो : नेटवरच्या कोणत्याही फोनवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागतोच. ॲपवरून तो लागेलच याची हमी नाही. लागला तरी तुम्ही नेमके कुठे आहात हे समोरच्याला कळेलच असं नाही. वाघाचा हल्ला, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात या मुलखात नवे नाहीत. म्हणून सगळी यंत्रणा नेटवर नेली तरी काउंटरवर एक साधा, चार्ज केलेला मोबाइल ठेवावा, त्यात त्या जागी ज्याचा टॉवर खरोखर मिळतो त्याच कंपनीचं सिम असावं, आणि गाव, फाटा, जवळचं गेट हे सगळं मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलेलं असावं, म्हणजे रात्रपाळीचा नवा माणूसही ते न अडखळता सांगू शकेल.