गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतरची आग

टांके सुकले, क्ष-किरणचित्रांत सांधा जागच्या जागीं दिसला, शस्त्रवैद्य समाधान पावले. रोग्याचें दुखणें मात्र दिवसेंदिवस वाढतें आहे. पांघरुणाचा स्पर्शहि त्याला सोसवत नाहीं. घरचीं माणसें प्रथम हळहळतात, मग कंटाळतात आणि शेवटीं ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळीं होतात. असलें घरगुती निदान फार जुनें आहे, आणि तितकेंच चुकीचें.

या पीडेचें बारकाईचें वर्णन युद्धांतून आलें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं फिलाडेल्फिया येथील रुग्णालयांत सिलास वेअर मिचेल व त्यांचे दोन सहकारी मज्जातंतूंस गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करीत. जखम भरून आली तरी कित्येकांच्या अंगाची आग थांबेना. कातडी कोरडी पडली कीं वेदना वाढे, म्हणून कांहीं जण बुटांत पाणी ओतून मगच चालत. त्यांचा ग्रंथ १८६४ सालीं निघाला. ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हें आजचें लांबलचक नांव १९९४ मधील आहे. मोठा मज्जातंतु दुखावला नसतांनाहि, गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर हा विकार क्वचित् उद्भवतो.

तो दाखविणारी एकहि रक्ततपासणी नाहीं. बुडापेस्ट येथें २००३ सालीं जमलेल्या तज्ज्ञांच्या कसोट्या डोळ्यांच्या व हातांच्या आहेत. जखमेच्या मानानें वेदना फार अधिक आहे काय? एक पाय दुसऱ्याहून ऊन किंवा गार लागतो काय? रंग, घाम, सूज, केंसांची वाढ यांत फरक पडला काय? परंतु शस्त्रक्रिया झालेला गुडघा कांहीं आठवडे ऊन व सुजलेला असतोच. म्हणून या लक्षणांचें दुसरें कारण नाहीं, अशी आधी खात्री करून घ्यावी लागते. ताप किंवा जखमेंतून स्राव असल्यास सांध्यांतील पाणी काढून जंतु शोधतात. पोटरी सुजून दुखूं लागल्यास रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन तपासणी त्याच दिवशीं व्हावी. व्रणाजवळ एकाच ठिकाणीं टिचकी मारतांच कळ उठत असेल, तर तेथील लहान मज्जातंतु दुखावलेला असूं शकतो. बधिर करणारें औषध टोंचतांच कळ थांबली, तर संशय बळावतो.

उपचार सहजबुद्धीच्या उलट आहे. दुखतें म्हणून पाय उशीवर ठेवून दिला, कीं दुखणें बळावतें. आधी रेशमी कापड, मग सुती, मग खरखरीत टॉवेल, असा क्रमाक्रमानें त्वचेला स्पर्शाचा सराव देतात. जोडीला सोसेल इतका व्यायाम व वेदनाशामक औषधें असतात. कमरेजवळच्या मज्जातंतूंना बधिर करणारें इंजेक्शनहि कांहींना देतात; सर्वांनाच त्याचा गुण येतो असें नाहीं. मात्र केवळ वेदनेसाठीं तोच गुडघा घाईनें पुन्हां उघडणें धोक्याचें. नव्या जखमेनें आग अधिकच भडकूं शकते. पुष्कळांची पीडा कांहीं महिन्यांत ओसरते, कांहींची वर्षानुवर्षें रेंगाळते. पहिल्या दिवसांत तो टॉवेल क्षणभर गुडघ्यावर टेकविणें, एवढेंच काय तें साधतें.