‘कागदावरचा सांगू का घरातला?’ : ख्रिस्ती कोणाला म्हणायचं?

गेल्या महिन्यात समाजशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीसोबत पायलटला गेलो होतो. मी वनस्पतिशास्त्राचा, फॉर्म भरायला हाताशी माणूस हवा म्हणून. धर्माच्या प्रश्नाशी एक काकू अडखळल्या. म्हणाल्या, “कागदावरचा सांगू का घरातला?” मैत्रिणीने पेन खाली ठेवलं.

मित्रांनो, सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात घाईत उरकला जातो तो परिच्छेद म्हणजे कार्यात्मक व्याख्या. एखादी गोष्ट प्रत्यक्षात मोजायची कशी, हे आधीच ठरवून लिहिणं. (आमच्याकडे वनस्पतीची ‘जाती’ कशाला म्हणायचं यावरही एकमत नाही, त्यामुळे मला हसू आलं.)

इंग्लंड-वेल्सची जनगणना बघा. २०११ मध्ये ५९.३ टक्के लोक ख्रिस्ती, २०२१ मध्ये ४६.२. पण प्रश्न एवढाच होता की तुमचा धर्म कोणता, आणि तोही ऐच्छिक. देव मानता का, चर्चला जाता का, हे विचारलंच नव्हतं. घटलं ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेणं. श्रद्धेबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

तिथे चौकटीवर खूण केली काय, न केली काय, कुणाचं फार बिघडत नाही. आपल्याकडे बिघडतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजूनही बाहेर. त्यामुळे रविवारी प्रार्थनेला जाणारं घर दाखल्यावर हिंदू असू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या अशाच एका प्रकरणात ती महिला ‘मी हिंदू’ म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने तिचा बाप्तिस्मा आणि चर्चला नियमित जाणं पाहिलं आणि दाखला नाकारला. म्हणजे जनगणनेत माणूस म्हणेल ते खरं, न्यायालयात तो करतो ते.

आणि ना. वा. टिळकांचं काय करायचं? १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तर त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा! या माणसांना आपण कोणत्या रकान्यात टाकणार?

माझं मत असं, की ख्रिस्ती असणं हा एक व्हेरिएबल नाहीच. म्हणवून घेणं, मानणं, आचरण आणि कागद, हे चार वेगळे प्रश्न आहेत. संशोधकाने चारही विचारावेत आणि उत्तरं जुळली नाहीत तर ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. न जुळणं हाच तर डेटा आहे.

मैत्रिणीने प्रश्नावली बदलली. कागदावरच्या धर्माचा प्रश्न आता सर्वात शेवटी आहे आणि त्यापुढे ‘सांगायचं नाही’ हाही पर्याय आहे. नावं, पत्ते वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड फक्त तिच्याकडे. काकूंचा फॉर्म मात्र तिने त्यांच्यासमोरच फाडला होता. त्यांच्या मुलीच्या दाखल्याची पडताळणी चालू होती.