हिरव्या मत्स्यटाकीचे गणित

दिवाणखान्यातील मत्स्यटाकीत रंगीत मासे असले म्हणजे पुरे, ही समजूत आता मागे पडली आहे. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी काचेच्या टाकीत पाणवनस्पतींचे जिवंत निसर्गदृश्य उभारण्याची कला जगभर नेली आणि भारतातील हौशी मंडळींनीही ती आपलीशी केली. या छंदासाठी चेन्नईइतके सोयीचे शहर क्वचितच आढळेल. १९०९ मध्ये मरिना किनाऱ्यावर तेथे सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले होते. आज शहराच्या वायव्येकडील कोळत्तूर हा भाग शोभिवंत माशांच्या देशातील प्रमुख बाजारपेठांपैकी एक मानला जातो. मासे, वनस्पती, टाक्या आणि त्यांची सर्व सामग्री तेथे मिळते.

मात्र वनस्पती विकत आणून रोवल्या म्हणजे त्या वाढतातच असे नाही. प्रकाशसंश्लेषणासाठी त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो आणि हवेच्या संपर्कातील पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळलेला असतो. लाल पानांच्या रोटालासारख्या वनस्पतींना जोमाने वाढण्यासाठी हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागते. दाबाखाली भरलेले सिलिंडर, नियंत्रक आणि झडपा घ्यायच्या तर काही हजार रुपये खर्च येतो. म्हणूनच अनेक हौशी मंडळी स्वयंपाकघरातील साखर आणि बेकरीत वापरले जाणारे यीस्ट यांचा आधार घेतात.

कृती सोपी आहे. शीतपेयाच्या दोन लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत सुमारे २०० ग्रॅम साखर कोमट पाण्यात विरघळवावी. बाटलीचा वरचा भाग फेसासाठी मोकळा ठेवावा. पाणी निवल्यावर पाव चमचा यीस्ट आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. झाकणाला छिद्र पाडून त्यातून हवेची नळी बसवावी आणि फट लुकणाने घट्ट बुजवावी. ही नळी आधी थोडे पाणी भरलेल्या दुसऱ्या लहान बाटलीत सोडावी, म्हणजे वाहून आलेला फेस तेथेच अडतो. तेथून निघालेली नळी टाकीत न्यावी व तिच्या टोकाला बारीक बुडबुडे करणारा दगड लावावा. टाकीतील पाणी उलटे बाटलीत ओढले जाऊ नये म्हणून मध्ये एकमार्गी झडप असावी. यीस्ट साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. तात्त्विक हिशेबाने २०० ग्रॅम साखरेतून सुमारे १०० ग्रॅम वायू मिळतो आणि एक बाटली साधारणतः दोन ते तीन आठवडे चालते.

येथवरचा हिशेब फायद्याचा दिसतो. अडचण अशी की, या यंत्रणेला बंद करण्याची कळ नाही. सिलिंडरची झडप रात्री मिटता येते. यीस्टचे काम मात्र अहोरात्र चालू राहते. दिवे मालवल्यावर वनस्पती वायू शोषणे थांबवतात, उलट श्वसनातून स्वतःच तो सोडू लागतात आणि पाण्यातील प्राणवायू वापरतात. पहाटेपर्यंत टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो व मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. ही धोक्याची पहिली खूण होय.

चेन्नईच्या उष्म्यात हा धोका अधिक गडद होतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. उबेत यीस्टचा वेग वाढतो, त्यामुळे वायू एकदम भरपूर येतो आणि बाटली लवकर संपते. दुसरीकडे २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या जवळपास येतो. म्हणजे माशांच्या श्वासाची शिल्लक आधीच कमी असते. त्यात वीज गेली तर गाळणयंत्र थांबते, पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, पण बाटली मात्र वायू देतच राहते. १२ डिसेंबर २०१६ रोजी वर्दा चक्रीवादळ चेन्नईजवळ धडकले, तेव्हा अनेक वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी बाटलीची नळी टाकीबाहेर काढणे हे पहिले काम ठरते.

यावर उपाय साधेच आहेत. दिवे बंद होताच नळी टाकीबाहेर उघड्या हवेत ठेवावी, किंवा रात्रभर हवेचा पंप चालवावा. नळीला चिमटा लावून वायू कोंडू मात्र नये. दाब वाढून बाटली फुटू शकते. उन्हाळ्यात यीस्ट आणखी कमी घालावे. मोठ्या टाकीसाठी एकच जोरकस बाटली करण्यापेक्षा दोन बाटल्या आठवड्याच्या अंतराने सुरू केल्यास पुरवठा एकसारखा राहतो.

पाण्याची पारखही तितकीच महत्त्वाची. चेन्नईत एकाच घरात कधी नळाचे, कधी कूपनलिकेचे, तर कधी टँकरचे पाणी येते आणि प्रत्येकाचे गुणधर्म निराळे असतात. म्हणून कार्बोनेट कठीणता आणि सामू, म्हणजेच पीएच, तपासावा. कठीणता ४ अंश असताना सामू ६.६ वर आला, तर वायूचे प्रमाण सुमारे ३० मिलिग्रॅम झाले असे समजावे व तेथेच थांबावे. वायू दिला म्हणून दिवे बारा तास लावणेही योग्य नव्हे. आठ तास पुरतात. प्रकाश, वायू आणि खत यांपैकी एकच बाजू वाढवली की लाभ शेवाळाच्या पदरात पडतो.

ज्यांना एवढी निगराणी शक्य नाही, त्यांनी वॅलिसनेरिया किंवा हायड्रिला लावावी. या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात आणि बाटलीविना उत्तम वाढतात. वनस्पतींची वाढ हा या छंदातील नफा खरा. पण माशांचा जीव हे त्यातले मूळ भांडवल आहे आणि ते सुरक्षित राखूनच नफ्याचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.