रोहित्रातील परिरक्षक गुंडाळी आणि विद्युत्‌चुंबकीय व्यत्यय

चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वापरली जाणारी नियंत्रक यंत्रे, तसेच विद्युत् वाहनांचे चार्जर, यांचा शक्तिपुरवठा बहुधा स्विचिंग पद्धतीचा असतो. चिंचवडलगत आकुर्डी येथे २०२२ साली बजाज ऑटोचा विद्युत् दुचाकींचा कारखाना सुरू झाल्यापासून या विषयाचे स्थानिक महत्त्व वाढले आहे. या पद्धतीत मेन्सचा प्रवाह प्रथम एकदिश करून नंतर तो ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने सेकंदास हजारो वेळा जोडला व तोडला जातो. त्यामुळे रोहित्र लहान होते. परंतु त्याच जोडतोडीतून व्यत्यय उत्पन्न होतो. ६६ किलोहर्ट्झ ही अशा पुरवठ्यांत नेहमी आढळणारी कंप्रता होय. तिची बारापट ७९२ किलोहर्ट्झ होते. आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर श्रोत्यांस परिचित झाले ते नेमके याच कंप्रतेवर.

हा व्यत्यय रोहित्र ओलांडतो कसा? प्राथमिक व द्वितीयक गुंडाळ्या परस्परांपासून निरोधित असल्या, तरी त्यांच्यामध्ये विद्युत् धारणा असतेच. ती ५० पिकोफॅरड आहे आणि प्राथमिकाच्या लगतच्या थराचा सरासरी दाब ५० नॅनोसेकंदांत २०० व्होल्टने बदलतो असे मानल्यास, त्या क्षणापुरता ०.२ ॲम्पिअर विस्थापन प्रवाह द्वितीयकात जातो व जमिनीच्या मार्गाने मेन्सकडे परततो. याउलट, १९३४ साली स्थापन झालेल्या सी.आय.एस.पी.आर. या आंतरराष्ट्रीय समितीची घरगुती वर्गाची सरासरी मर्यादा ०.५ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात २०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५० ओहम रोधात ४ मायक्रोॲम्पिअर, एवढीच आहे. क्षणिक स्पंद व एका कंप्रतेवरील घटक यांची सरळ तुलना करता येत नसली, तरी प्रश्नाचे स्वरूप यावरून स्पष्ट व्हावे.

प्रचलित उपाय म्हणजे प्राथमिक व द्वितीयक बाजूंमध्ये धारित्र जोडून प्रवाहास जवळची परतवाट देणे. परंतु हेच धारित्र ५० हर्ट्झचा प्रवाहही वाहून नेते. २.२ नॅनोफॅरडच्या धारित्रातून २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो. भूसंपर्क नसलेल्या उपकरणाच्या धातूच्या भागास हात लावताच मुंग्या येतात, त्या यामुळेच. व्यत्यय कमी करण्यासाठी धारित्र वाढवीत जावे, तर वापरणाऱ्याची सुरक्षितता कमी होते. म्हणूनच व्यत्ययाचा बंदोबस्त त्याच्या उगमाशी, रोहित्रातच, करणे इष्ट ठरते.

त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा देऊन तो प्राथमिक बाजूच्या स्थिर दाबाच्या बिंदूस जोडणे. पत्र्याची टोके एकमेकांवर यावीत, पण त्यांच्यामध्ये निरोधक असावा. अन्यथा तो लघुमंडलित वेढा होऊन रोहित्र तापेल. प्राथमिकाचा विस्थापन प्रवाह आता पत्र्यातून आपल्याच बाजूस परततो. तथापि द्वितीयकाचा स्वतःचा दाबही बदलत असतो, आणि पत्रा व द्वितीयक यांमधील धारणेतून काही प्रवाह वाहतच राहतो.

हा शेष प्रवाह घालविण्यासाठी पत्र्याऐवजी तारेची परिरक्षक गुंडाळी घेतात. द्वितीयकाचा एकच थर ८ वेढ्यांचा असेल, तर तेवढ्याच रुंदीवर, त्याच दिशेने परिरक्षकाचे ८ वेढे द्यावेत. दोहोंची स्थिर टोके एकाच कडेस असावीत आणि परिरक्षकाचे दुसरे टोक कोठेही न जोडता निरोधक पट्टीखाली ठेवावे. मग समोरासमोरील वेढ्यांचे दाब सारखेच बदलतात. दाबात फरक नाही म्हणून विस्थापन प्रवाहही नाही. अन्य मार्गांनी निसटणारा प्रवाह छेदण्यासाठी वेढ्यांची संख्या प्रत्यक्ष मोजणी करून किंचित कमीअधिक करतात.

या उपायास मूल्य द्यावे लागते. प्राथमिक व परिरक्षक यांतील धारणेमुळे ५० पिकोफॅरड, २०० व्होल्ट व ६६ किलोहर्ट्झ या मूल्यांस सुमारे ०.०७ वॅट व्यय होतो. गुंडाळ्यांतील अंतर वाढल्याने गळती प्रवर्तकताही वाढते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कारागिरी. वेढे एका कडेस दाटले किंवा पट्टीची जाडी बदलली, की साधलेला समतोल बिघडतो. म्हणून १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत एक नमुना उत्तीर्ण झाला, एवढ्याने काम संपत नाही. वेढ्यांची संख्या, दिशा, मांडणी व पट्टीची जाडी यांची नोंद रोहित्राच्या आराखड्यात असली पाहिजे आणि उत्पादनातील प्रत्येक रोहित्र तिच्याशी जुळले पाहिजे.